इंग्रजांचा हातमोजा आणि आपल्या कारागिराला शिव्या

काकांनी परवा घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला. वर टीप: 'वाचा आणि लाज वाटू द्या.' तोच मजकूर नंतर ऑफिसच्या ग्रुपवरही फिरत आला. थोडक्यात तो असा: इंग्रजांनी चामड्याचे हातमोजे शिवायची कला दोनशे वर्षं जशीच्या तशी जपली. तिथे यंत्राने हातमोजे शिवायला कायद्याने बंदी आहे. चामडं फक्त ब्रिटिश मेंढीचं. प्रत्येक राज्याभिषेकाला नवा हातमोजा शिवतात. अस्सल हातमोजा अक्रोडाच्या कवचात मावतो. आणि शेवटी खरं विष: 'तिथला कारागीर प्रामाणिक म्हणून कला टिकली, आपला कामचुकार म्हणून कोल्हापुरी रस्त्यावर आली.'

हे शेवटचं वाक्य नसतं तर मी अंगठा दाखवून पुढे गेलो असतो.

आधी किरकोळ गोष्टी उरकतो. यंत्रबंदीचा कायदा वगैरे काही नाही. ब्रिटनमध्ये हातमोजे यंत्रावरही शिवतात आणि हातानेही. हाताने शिवलेले जोड वेगळे सांगून वेगळ्या भावाने विकतात, ते उगाच नाही. आणि हातशिलाईलासुद्धा साधन लागतंच. इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातल्या स्टोक-सब-हॅम्डन गावच्या जेम्स विंटरने 1807 मध्ये पायाने दाबायचा एक चिमटा काढला, त्याला 'डाँकी' म्हणत. त्याच्या पितळी दातांमधून सुई घालायची, म्हणजे टाके आपोआप सारखे पडतात.

राज्याभिषेकाचं अर्धं खरं आहे, मान्य. लंडनच्या हातमोजेवाल्यांच्या संघाकडून राजाला उजव्या हाताचा एकच हातमोजा भेट द्यायची रीत आहे, आणि 1937 आणि 1953 चे हातमोजे डेंट्स या जुन्या कंपनीने बनवले. पण 2023 मध्ये तिसऱ्या चार्ल्सने घातला तो आजोबांचाच, 1937 चा. अक्रोडाचंही तसंच. तसे तलम हातमोजे होते खरे, पण ते आयर्लंडमधल्या लिमरिकचे. थंडीत घालायच्या हातमोज्याशी त्यांचा संबंध नाही.

'फक्त ब्रिटिश मेंढीचं' हे वाचून मात्र हसू आलं. तिथल्या मेंढीच्या अंगावर दाट लोकर, त्यामुळे तिचं कातडं सैल पोताचं. उंची हातमोज्याला लागतं ते लोकरीऐवजी केस असलेल्या मेंढीचं, पातळ पण चिवट. ते इथिओपियासारख्या देशांतून येतं. त्याहून महाग लागतं पेकरी या दक्षिण अमेरिकेतल्या रानडुकरासारख्या जनावराचं. खुद्द युरोपात जुनी म्हण होती की चांगला हातमोजा व्हायला तीन देश लागतात: कातडं कमवावं स्पेनने, कापावं फ्रान्सने आणि शिवावं इंग्लंडने. मापाची पद्धतसुद्धा 1834 च्या सुमारास ग्रेनोबलच्या झाव्हिए जुव्हँ या फ्रेंच माणसाने बसवून दिली.

कौशल्य नाही असं मी म्हणत नाही, उलट ते थक्क करणारं आहे. कापणारा चामडं ओलसर करतो, टेबलाच्या कडेवर घासत ओढत राहतो आणि लांबीकडचा ताण काढून टाकतो. मग हातमोजा रुंदीला सैलावतो, पण वापरून बोटं लांब होत नाहीत. बोटांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्या आणि बोटांच्या बुडाशी बसणारे शंकरपाळ्यासारखे इवलाले तुकडे वेगळे कापायचे. त्यातला एक चुकला की बोट वाकवताना काचतं. हे यायला वर्षं जातात.

आता 'कला टिकली' याकडे येतो. 1790 ते 1820 या काळात इंग्लंडमधलं वूस्टर शहर आणि आसपासच्या खेड्यांत सुमारे 30,000 लोक या धंद्यात होते. त्यात बहुसंख्य घरी बसून नगावर शिवणाऱ्या बायका. हा धंदा फोफावला कारण परदेशी हातमोजे आणायला बंदी होती. 1826 मध्ये बंदी उठली, फ्रेंच माल आला आणि काही वर्षांत वूस्टरचे कारखाने पटापट बसले. विल्यम हलने 1834 मध्ये या धंद्याचा इतिहास लिहिला तो याच हलाखीची तक्रार म्हणून. काका, त्या बायका 1825 मध्ये प्रामाणिक होत्या आणि 1827 मध्ये कामचुकार झाल्या का?

पुढचंही ऐका. सॉमरसेटमधल्याच येओव्हिलच्या फुटबॉल क्लबला आजही 'ग्लव्हर्स', म्हणजे हातमोजेवाले, म्हणतात, गावातले कारखाने मात्र गेले. तिथलीच पिटर्ड्स ही चामडं कमावणारी कंपनी 1826 पासून चालू होती, ती 2023 मध्ये बंद पडली. साउथकोम ही हातमोज्यांची कंपनी टिकली, पण अग्निशमन दलाचे हातमोजे बनवून. डेंट्स आहे, तीही आता वूस्टरमध्ये नाही, वॉरमिन्स्टरला. हेरिटेज क्राफ्ट्स ही तिथलीच संस्था धोक्यातल्या हस्तकलांची यादी काढते, त्यात हातमोजे शिवणं आहे. 2017 च्या पहिल्याच यादीत हाताने शिवलेला क्रिकेटचा चेंडू 'नामशेष' म्हणून नोंदवला गेला. इंग्लंडमध्ये कसोटीला वापरतात त्या चेंडूची शिलाई भारतीय उपखंडातल्या हातांची असते. कामगारांचे चामडी हातमोजेही कोलकात्याच्या परिसरात शिवून जगभर जातात.

राहिली कोल्हापुरी. बाभळीची साल आणि हिरडा घालून कातडं कमवायचं, चपलेचा तळ ठोकायचा, वेणी घालायची, ही कामं करणारी घरं अजून आहेत. त्यांच्या वाटेत आलं ते वेगळंच. महाराष्ट्रातल्या 2015 च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर बैलाच्या कातड्याची आवक आटली. रेक्झिनची नक्कल 'कोल्हापुरी' म्हणून फुटपाथवर बसली. 2019 मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांना मिळून भौगोलिक मानांकन मिळालं, पण नक्कल विकणाऱ्याला त्याचं सोयरसुतक नाही, आणि घासाघीस करणाऱ्या आपल्यालाही. 2025 मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या रॅम्पवर तशीच चप्पल आणली तेव्हा हेच ग्रुप अभिमानाने फुगले होते. तेव्हा कारागीर कामचुकार नव्हता वाटतं.

आणि फॉरवर्डसोबतचा तो फोटो. 'दोनशे वर्षांची परंपरा जपणारा हातमोज्यांचा इंग्रज कारागीर' अशी खाली ओळ. जरा मोठा करून बघा. त्याच्या पुढ्यात कलबूत आहे, म्हणजे बुटाचा साचा. माणूस बूट शिवतोय.