माझं रिव्हॉल्व्हर, त्याचं पिस्तूल

‘तुझं रिव्हॉल्व्हर मला दे, माझं पिस्तूल तू घे.’ अनोळखी माणूस असं म्हणाला तर उत्तर सोपं असतं. पंचाईत अशी, की म्हणणारा मित्र असतो. परक्याच्या हत्याराची नळी दिव्याखाली धरून तासभर न्याहाळली तर लोक आपल्याला चोखंदळ म्हणतात; मित्राच्या नळीत नुसतं डोकावलं तरी ‘एवढाही भरवसा नाही?’ ऐकावं लागतं. शिवाय परक्याला दिलेली वस्तू निदान डोळ्यांआड होते. मित्राला दिलेली रेंजवर शेजारच्याच लेनमध्ये दिसते, आणि आपल्या हातात होती त्याहून बरा नेम मारते.

समजा, आपलं .३५७ मॅग्नमचं सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर आहे आणि त्याचं .४५चं ‘१९११’ नावाचं पिस्तूल. मित्र इतिहासापासून सुरुवात करणार हे ठरलेलं: जॉन ब्राउनिंगची रचना, १९११ साली अमेरिकी सैन्याने स्वीकारलेली, थेट १९८५पर्यंत त्यांचं प्रमाण पिस्तूल. सगळं खरं आहे. फक्त ती चौऱ्याहत्तर वर्षं त्याच्या नमुन्याने काढलेली नाहीत.

माझं मत विचाराल तर परीक्षा आधी आपल्याच वस्तूची घ्यावी. प्रेमामुळे दिसत नाही ते फीलर गेजला, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांना, दिसतं. त्याआधी सिलिंडर, म्हणजे काडतुसांचं फिरतं नळकांडं, उघडायचं, पुंगळ्या बाहेर ढकलणारा इजेक्टर दाबायचा, सहाही भोकं डोळ्यांनी बघायची आणि प्रत्येकात करंगळीचं टोक घालायचं. काडतुसं दुसऱ्या खोलीत. मग मित्राच्या हातात द्यायचं आणि त्यानेही हेच सगळं पुन्हा करायचं. यात कुणी कुणाचा अपमान करत नाही. आणि करताना सिनेमातल्यासारखं मनगटाला झटका देऊन सिलिंडर बंद करणारा मित्र असेल, तर व्यवहार तिथेच थांबवा. त्या झटक्याने सिलिंडर तोलून धरणारा क्रेन वाकतो. असा माणूस दारही लाथेनेच बंद करत असणार.

आता नळीचं मागचं टोक आणि सिलिंडर यांच्यातली फट मोजा. ०.१ ते ०.२ मिलिमीटर असेल तर उत्तम. पाव मिलिमीटरच्या पुढे गेली की बाजूने गरम वायू आणि शिशाचे कण उडू लागतात, आणि ते शेजारच्या लेनमधल्या माणसाला जास्त आवडत नाहीत. सिलिंडर बोटांनी पुढेमागे हलवा. जाणवण्याइतकं हललं तर त्या ढिलेपणालाच एंडशेक म्हणतात. मग अंगठ्याने सिलिंडरला किंचित अडवत घोडा अगदी सावकाश ओढा. घोडा पूर्ण चढायच्या आधी सिलिंडर खाचेत ‘खट्’ बसलं पाहिजे. सहा घरांसाठी सहा वेळा. पाच घरं वेळेवर आणि एक आळशी निघणं फार सामान्य आहे, आणि आपण नेमकी पाचच तपासलेली असतात.

आपल्या लाडक्याचे काही रोग आपणच लावलेले असतात. .३५७मध्ये .३८ स्पेशल हे धाकटं काडतूस चालतं, स्वस्त पडतं, झटकाही कमी, म्हणून जन्मभर तेच उडवलं जातं. पण .३८ची पुंगळी सुमारे साडेतीन मिलिमीटरने आखूड. तिच्या तोंडापुढे चेंबरमध्ये, म्हणजे काडतुसाच्या घरात, काजळीचं कडं साठत जातं. मित्र पहिल्याच दिवशी हौसेने .३५७ भरायला जातो, काडतूस अर्ध्यात अडकतं, आणि त्याची नजर आपल्याकडे वळते. चेंबरच्या मापाचा ब्राँझचा ब्रश, सॉल्व्हंट आणि पंधरा मिनिटं एवढाच हा इलाज आहे. पण तो देण्याआधी करायचा. नंतर केला की त्याला खुलासा म्हणतात.

दुसरा रोग याहून गमतीदार. सिलिंडर अचानक जड फिरू लागतं, चाप ओढवत नाही, आणि मालक टायमिंग (सिलिंडर वेळेवर खाचेत बसणं), स्प्रिंग, नशीब यांवर भाषण देतो. इजेक्टर दाबून धरा आणि त्याच्या टोकाच्या चांदणीसारख्या चकतीखाली बघा. न जळलेल्या बारुदाचे तीन-चार दाणे, मोहरीहूनही बारीक, तिथे आरामात बसलेले असतात. चांदणी तेवढीच वर उचलली जाते आणि काडतुसांची बूडं मागच्या पत्र्याला घासतात. जुना टूथब्रश दोनदा फिरवला की आजार संपला. नळी आकाशाकडे करून पुंगळ्या झटकल्या तर हे दाणे बहुतेक खाली पडतात. जमिनीकडे करून झटकल्या तर ते चांदणीखाली घर करतात.

आणि स्क्रूंच्या खाचा. त्या ओरबाडलेल्या असतील तर कुणीतरी घरातल्याच स्क्रूड्रायव्हरने बाजूची प्लेट उघडली आहे. पोकळ धार दिलेला, खाचेत घट्ट बसणारा बिट लागतो, आणि प्लेट कधीही खुपसून उचलायची नसते. मुठीच्या सांगाड्यावर लाकडी दांड्याने हलके ठोके दिले की ती आपण होऊन वर येते. एवढं सांगूनही लोक खुपसतात.

आता मित्राचं १९११. तेही रिकामं आहे हे दोघांनीही पाहिलेलं असू द्या. डाव्या अंगावर, स्लाइड (वरचा सरकता भाग) अडवणाऱ्या स्लाइड स्टॉपच्या खाली, कमानीसारखा एक ओरखडा दिसतो का? दिसला तर मालकाने जोडणी करताना स्टॉप घाईने आत ढकललेला आहे. जाणकार त्या खुणेला मूर्खाचा ओरखडा म्हणतात. मित्रासमोर तो शब्द वापरू नये. नुसतं बोट ठेवून ‘बरंच वापरलंयस’ म्हणावं. स्लाइड सुमारे सहा मिलिमीटर मागे धरून चाप दाबा, घोडा पडता कामा नये. सेफ्टी लावा, चाप जोरात दाबून सोडा, सेफ्टी काढा, आणि घोडा अंगठ्याने केसभर मागे घेत कान लावा. ‘टिक्’ ऐकू आलं तर आत सिअर, म्हणजे घोडा अडकवून धरणारा तुकडा, सरकलेला आहे आणि ती सेफ्टी नावापुरती आहे. हे सगळं करताना रिकाम्या चेंबरवर स्लाइड धाडकन सोडू नका. त्याने सिअरला इजा होते, आणि १९११च्या मालकाच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते मैत्रीला सोसत नाही.

स्लाइड पुन्हा पुढे आणणारी रिकॉइल स्प्रिंग पाच इंची नळीच्या .४५मध्ये साधारण १६ पौंडांची असते आणि दोन-तीन हजार फैरींनंतर बदलतात. पुंगळ्या रोजच्यापेक्षा बऱ्याच लांब उडत असतील तर ती थकली आहे. अडखळण्याचा दोष मात्र बहुतेक वेळा पिस्तुलाचा नसतो, मॅगझीनचा असतो. सगळ्या मॅगझीनच्या तळाला मार्करने १, २, ३ लिहा आणि दोनशे गोळ्या उडवा. दर वेळी ३ नंबरच अडकत असेल तर तिचे वरचे ओठ पसरले आहेत. चांगल्या दोन मित्राने स्वतःच्या पिशवीत ठेवल्या आहेत का, हे हसत हसत विचारून घ्यावं.

पण व्यवहार फिसकटतो तो दागिन्यांवरून. आपलं होल्स्टर त्याच्यात बसत नाही, सहा काडतुसं एकदम भरणारा स्पीडलोडर निरुपयोगी, रीलोडिंगचे (रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरायचे) डाय म्हणजे साचे वेगळे, साठवलेली .३८ची काडतुसं अनाथ. शिवाय रिव्हॉल्व्हर सहाही पुंगळ्या नम्रपणे तळहातावर ठेवतं. पिस्तूल त्या चौफेर उधळतं आणि पुन्हा भरणाऱ्याने उरलेली संध्याकाळ ओणवं होऊन काढायची. पन्नाशी ओलांडलेल्या कंबरेने हा खर्च हिशेबात धरावा.

कागदाचं काम मात्र गळ्यात गळे घालून होत नाही. परवाना, हस्तांतराची परवानगी, दोन्हींचे अनुक्रमांक, जिथे जो नियम असेल तो वस्तू हातबदल होण्याआधी पुरा करायचा. ‘आपल्यातलंच आहे’ हे वाक्य चौकशीत उपयोगी पडत नाही. त्याच कागदावर एक ओळ घालावी: पुढे विकायचं झालं तर आधी एकमेकांना विचारायचं.

एवढं सगळं जुळूनही मन मानत नसेल तर कपाट उघडा. रबरी मूठ लावली तेव्हा काढून ठेवलेल्या मूळच्या अक्रोडाच्या मुठी तिथे जुन्या मोज्यात गुंडाळलेल्या असतात. त्याही द्यायच्या का, असं मित्र विचारतो. तेव्हा जर तोंडातून ‘त्या कुठे गेल्या कुणास ठाऊक’ निघालं, तर हत्यार गुपचूप पुन्हा तिजोरीत ठेवावं आणि मित्राला चहा पाजावा.