बांबूचा अर्क आणि कोलेस्टेरॉल: त्या मेसेजबद्दल खुलासा

‘बांबूच्या पानांचा अर्क रोज घ्या, कोलेस्टेरॉल उतरेल, गोळी बंद करता येईल’ असा मेसेज फिरतो आहे. त्यातला गोळी बंद करण्याचा सल्ला धोक्याचा आहे, म्हणून हे लिहितो आहे.

बांबूच्या पानांत ओरिएंटिन, व्हायटेक्सिन यांसारखी फ्लेवोनॉइड्स (वनस्पतींतली नैसर्गिक द्रव्यं) असतात आणि प्रयोगशाळेत ती ऑक्सिडीकरण रोखतात, हे खरं आहे. पण यावरचं बरंचसं काम पेशींवर आणि उंदरांवर झालेलं आहे. परीक्षानळीत दिसलेला गुण पचन आणि यकृत यांतून पार होऊन रक्तात तसाच टिकतो असं नाही. माणसांवरचा २००९ मधला एक अभ्यास या संदर्भात सांगितला जातो. त्यात ८ निरोगी तरुणी होत्या, प्रत्येक आहार ६ दिवसांचा होता, आणि त्यांना दिले होते बांबूचे कोंब. पानांचा अर्क नव्हे. कोलेस्टेरॉल थोडं उतरलं, पण त्याचं श्रेय कोंबांतल्या तंतूंना दिलं गेलं. हृदयविकाराच्या रुग्णाला औषध सोडायला सांगावं, असं त्यात काहीच नाही.

कोलेस्टेरॉलसाठी सहसा दिली जाणारी गोळी म्हणजे स्टॅटिन. ते यकृतातली कोलेस्टेरॉलनिर्मितीच कमी करतं. ते बंद केलं की काही आठवड्यांत पातळी पुन्हा चढते, आणि तेव्हा अंगाला काहीच जाणवत नाही. मला सर्वांत काळजी वाटते ती याचीच.

शिवाय कच्च्या कोंबांत सायनाइड सोडणारं टॅक्सिफायलिन असतं. कोंब नीट उकळूनच खावेत, कच्चा रस तर नकोच.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवला असेल त्यांना हा खुलासा पाठवा, आणि कुणी गोळी थांबवली असेल तर आजच डॉक्टरांशी बोलायला सांगा.