कुत्र्याने सुई-नाणं गिळलं? तो मीठपाण्याचा मेसेज पुढे पाठवू नका

श्वानपालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर सारखा फिरतो: ‘कुत्र्याने नाणं, सुई, सेल काहीही गिळलं तरी घाबरू नका. मीठपाणी पाजून उलटी करवा. नाही झाली तर केळं आणि तेल द्या. दोन दिवसांत शीतून पडेल. एक्स-रेवर पैसे घालवू नका.’ पाठवणारे कळकळीनेच पाठवतात, पण यातला प्रत्येक सल्ला कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतो.

आधी मीठपाणी. त्याने रक्तातलं सोडियम एकदम चढतं, झटके येतात, कुत्रं दगावूही शकतं. म्हणजे गिळलेली वस्तू पोटात तशीच आणि वर मिठाची विषबाधा. टोकदार वस्तू असेल तर घरी कशानेच उलटी करवू नका. जाताना सुखरूप गेलेली सुई उलटीच्या जोराने वर येताना अन्ननलिकेत रुतते. काही वस्तूंसाठी डॉक्टर इंजेक्शन देऊन उलटी काढतात, पण वस्तू कोणती ते कळल्यावर आणि दवाखान्यातच.

केळं आणि तेलाचंही तेच. जबरदस्तीने पाजलेलं तेल फुफ्फुसात उतरून न्यूमोनिया होतो. वस्तू काढायला भूल द्यावी लागते, आणि भरल्या पोटी ती देणं धोक्याचं; शिवाय अन्नाच्या गोळ्यात तोंडातून आत सोडलेल्या दुर्बिणीला (एंडोस्कोपला) वस्तू सापडत नाही. डॉक्टरांशी बोलेपर्यंत काही भरवू नका.

‘दोन दिवस थांबा’ हे मला सगळ्यात घातक वाटतं, कारण त्यात थोडं खरं आहे. स्टीलचं रुपयाचं नाणं मोठ्या लॅब्रॅडॉरच्या पोटातून निघूनही जातं. लहानशा पॉमेरेनियनच्या पोटात तेच अडकू शकतं. पण सगळा धातू सारखा नसतो. रिमोटमधला बटण सेल अन्ननलिकेत अडकला तर तासाभराच्या आतच तिथलं मांस जळायला लागतं. जस्ताचा मुलामा दिलेला नट जठरातल्या आम्लात विरघळतो आणि जस्त रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतं: हिरड्या पांढुरक्या किंवा पिवळ्या पडतात, लघवी लालसर होते. अमेरिकेत राहणाऱ्यांनी तर जास्त जपावं. 1982 नंतरचा पेनी (तिथलं एक सेंटचं नाणं) वरून तांब्याचा दिसला तरी आत 97.5 टक्के जस्तच असतं. मासेमारीच्या जाळ्याला लावलेलं शिसं गिळलं तर शिशाची विषबाधा होते. दोन लोहचुंबक आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून एकमेकांना चिकटतात आणि मधलं आतडं कुजून भोक पडतं.

आमच्या शेरूने गणपतीत हार ओवायची सुई दोऱ्यासकट गिळली होती. जबडा उघडून जीभ वर केली तर मुळाशी पांढऱ्या दोऱ्याचा वेढा, त्याला चिकटलेली झेंडूची एक पाकळी, आणि पुढचा दोरा घशात गेलेला. माझी बोटं दोऱ्यावर गेलीही होती. फोनवरचे डॉक्टर ओरडले, ‘ताई, ओढू नका!’ ताणलेला दोरा आतड्याला चुण्या पाडून करवतीसारखा कापतो. मागून दोरा लोंबताना दिसला तरी हात लावू नये. खाडीकाठी मासळीच्या वासाने गळ गिळलेल्या कुत्र्याच्या तोंडातून तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) बाहेर आलेली असेल, तर ती ओढूही नका आणि कापूही नका; गळ काढताना डॉक्टरांना तिचा उपयोग होतो. शेरूची सुई जठरातच होती, दुर्बिणीने निघाली. आतड्यात उतरली असती तर पोट फाडावं लागलं असतं. मेसेजमधले ‘दोन दिवस’ नेमके हीच संधी घालवतात.

राहिला एक्स-रे. कापड किंवा प्लास्टिक त्यात सहसा दिसत नाही, पण बहुतेक धातू लख्ख दिसतात. तो खर्च वाया कसा? थांबायचं की नाही हे त्यावरच ठरतं, आणि डॉक्टर थांबा म्हणाले तरी वस्तू पुढे सरकतेय का हे पुढच्या एक्स-रेतच कळतं. नाणं आणि बटण सेल दोन्ही त्यात गोलच दिसतात. सेलच्या कडेला दुहेरी वर्तुळ असतं, पण ते दरवेळी स्पष्ट येईलच असं नाही. म्हणून घरात तसाच दुसरा सेल, तसाच नट, तशीच सुई असेल तर खिशात टाकूनच दवाखान्यात जा.