तीन प्रश्न, एकच उत्तर? २०१६ च्या रशियन हस्तक्षेपाबद्दलच्या दाव्याचा प्रतिवाद

२०१६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीचा विषय निघाला की एक मजकूर हमखास पुढे केला जातो. त्याचा सारांश असा: रशियाने त्या निवडणुकीत काहीही केले नव्हते. या प्रकरणासाठी नेमलेले विशेष वकील म्युलर यांनी जवळपास दोन वर्षे चौकशी केली आणि हाती शून्य लागले. प्रचाराच्या काळात बाहेर आलेले डेमोक्रॅटिक पक्षाचे ईमेल पक्षातल्याच कुणीतरी फोडले. रशियाने फार तर लाखभर डॉलरच्या जाहिराती दिल्या असतील. सगळा डोलारा माजी ब्रिटिश गुप्तहेर स्टील यांनी ट्रम्प आणि रशियाच्या संबंधांवर लिहिलेल्या खोट्या टिपणावर उभा होता, तो एफबीआयच्या चौकशीची तपासणी करणारे विशेष वकील दरहॅम यांनी पाडला. एकही मत बदलले गेले नाही. अमेरिका स्वतः दुसऱ्यांच्या निवडणुकांत हात घालते. आणि रशियाने तर पहिल्यापासून सगळे नाकारले आहे.

यातली काही वाक्ये खरी आहेत. म्हणून तर हा मजकूर पटतो, आणि म्हणूनच त्यातले वाक्य न् वाक्य सुटे करून तपासायला हवे. इथे मुळात तीन वेगळे प्रश्न आहेत. रशियाने हस्तक्षेप केला का? ट्रम्प यांच्या प्रचारयंत्रणेने त्यात रशियाशी संगनमत केले का? त्यामुळे निकाल फिरला का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्या प्रश्नाला चिकटवायचे, एवढ्यावर हा सगळा दावा उभा आहे.

“म्युलर यांना काहीच सापडले नाही.”

रॉबर्ट म्युलर यांची नेमणूक मे २०१७ मध्ये झाली. त्यांचा ४४८ पानांचा अहवाल, काही मजकूर झाकून, १८ एप्रिल २०१९ रोजी प्रसिद्ध झाला. पण त्याच्या जवळपास चार आठवडे आधी, २४ मार्चला, ॲटर्नी जनरल, म्हणजे न्याय खात्याचे प्रमुख, विल्यम बार यांचे चार पानी पत्र बाहेर आले होते. लोकांच्या डोक्यात बसले ते पत्र. संगनमत सिद्ध झाले नाही, एवढेच त्यातून लक्षात राहिले.

ते खरेच आहे. ट्रम्प यांच्या प्रचारातल्या लोकांनी रशियन सरकारशी कट केल्याचे चौकशीत प्रस्थापित झाले नाही, असे अहवालात स्पष्ट शब्दांत लिहिले आहे. ज्यांनी वर्षानुवर्षे ‘कट तर झालाच होता’ असे ठासून सांगितले, त्यांनीही हे वाक्य प्रामाणिकपणे स्वीकारायला हवे होते. अनेकांनी ते केले नाही आणि त्यामुळे उलट बाजूच्या दाव्याला बळ मिळाले, असे माझे मत आहे.

पण त्याच अहवालाच्या पहिल्या खंडाच्या पहिल्याच पानावर म्हटले आहे की, रशियन सरकारने २०१६ च्या निवडणुकीत व्यापक आणि पद्धतशीर हस्तक्षेप केला. चौकशीत ३४ व्यक्ती आणि ३ कंपन्यांवर आरोप ठेवले गेले. फेब्रुवारी २०१८ मध्ये १३ रशियन नागरिक आणि तिन्ही कंपन्या, जुलै २०१८ मध्ये रशियन लष्करी गुप्तचर संस्थेचे, म्हणजे जीआरयूचे, १२ अधिकारी. हे २५ जण हस्तक्षेपाच्याच प्रकरणातले आहेत. याला शून्य म्हणायचे असेल तर अहवाल न उघडताच म्हणावे लागेल.

यावर एक रास्त आक्षेप येतो: आरोपपत्र म्हणजे पुरावा नव्हे, ते अधिकारी रशियात आहेत, खटला कधी उभा राहिलाच नाही. मान्य. पण म्युलर यांच्याखेरीज अमेरिकी सिनेटच्या गुप्तचर समितीनेही स्वतंत्र तपास केला. त्या काळात सिनेटमध्ये बहुमत रिपब्लिकन पक्षाचे होते. समितीचे अध्यक्ष आधी रिचर्ड बर आणि नंतर मार्को रुबियो, म्हणजे दोघेही ट्रम्प यांच्याच पक्षाचे. समितीचा अहवाल पाच खंडांत आला, शेवटचा जवळपास हजार पानांचा, ऑगस्ट २०२० मध्ये. हस्तक्षेप झाला, हाच त्यांचाही निष्कर्ष. ट्रम्प यांचे प्रचारप्रमुख पॉल मॅनफोर्ट ज्यांना प्रचाराची अंतर्गत मतचाचण्यांची माहिती पुरवत होते, त्या कॉन्स्टँटिन किलिम्निक यांना तर या समितीने थेट रशियन गुप्तचर अधिकारी म्हटले. हा शब्द म्युलर यांच्या भाषेपेक्षा कडक आहे.

“ईमेल आतल्या माणसाने फोडले, क्राउडस्ट्राइकनेही पुरावा नसल्याचे कबूल केले.”

हा मुद्दा सगळ्यात चिवट आहे, कारण तो तांत्रिक भाषेत मांडला जातो. त्याचा एक आधार असा: ‘गुसिफर २.०’ या टोपणनावाने बाहेर आलेल्या काही फाइलींवरच्या वेळा पाहिल्या, तर त्या ५ जुलै २०१६ रोजी सेकंदाला सुमारे २३ मेगाबाइट वेगाने कॉपी झालेल्या दिसतात. इतक्या वेगाने इंटरनेटवरून चोरी शक्य नाही, म्हणजे कुणीतरी पक्षाच्या कार्यालयात बसून पेन ड्राइव्हवर उतरवून घेतल्या.

यात चूक कुठे आहे ते पाहा. फाइलीवरची ती वेळ त्या फाइलीची शेवटची नक्कल कधी झाली एवढेच सांगते. चोरलेला माल चोराने घरी नेऊन एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर उतरवला, तरी हाच वेग दिसेल. मूळ सर्व्हरमधून फाइली कशा बाहेर पडल्या, याबद्दल ती वेळ काहीच सांगत नाही.

पक्षाच्या सर्व्हरांची तपासणी केलेल्या क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या शॉन हेन्री यांनी डिसेंबर २०१७ मध्ये दिलेली साक्ष मे २०२० मध्ये खुली झाली. फाइली बाहेर नेल्याचा ठोस पुरावा आपल्याकडे नाही, पण नेल्याच्या खुणा आहेत, असे ते म्हणाले. दावा करणारे या वाक्याचा पहिला अर्धा भाग घेतात आणि दुसरा गाळतात. घुसखोरी झाली आणि ती रशियन होती, याबद्दल हेन्री यांना शंका नव्हती.

आणि सगळी भिस्त क्राउडस्ट्राइकवर कधीच नव्हती. जीआरयूवरच्या आरोपपत्रात तपशील इतके बारीक आहेत की ते वाचताना मी थबकलो. १५ जून २०१६ रोजी मॉस्कोच्या वेळेनुसार दुपारी सव्वाचार ते पाचच्या दरम्यान, जीआरयूच्या ७४४५५ क्रमांकाच्या तुकडीच्या ताब्यातल्या सर्व्हरवरून काही इंग्रजी शब्दप्रयोग शोधले गेले. संध्याकाळी सात वाजून दोन मिनिटांनी ‘एकांडा रोमानियन हॅकर’ म्हणवणाऱ्या गुसिफरचा पहिला लेख आला, आणि त्यात तेच शब्दप्रयोग होते. २६१६५ क्रमांकाच्या तुकडीने मार्च २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांचे प्रचारप्रमुख जॉन पोडेस्टा यांना गुगलच्या नावाने फसवा ईमेल धाडला आणि त्यांचा पासवर्ड मिळवला. पोडेस्टांचे ईमेल ७ ऑक्टोबरपासून विकिलीक्सने बाहेर काढायला सुरुवात केली. पक्ष कार्यालयातला कुणी नाराज माणूस पोडेस्टांच्या खासगी जीमेल खात्यापर्यंत कसा पोहोचला, याचे उत्तर ‘आतला माणूस’ सिद्धांताकडे नाही. आणि सेथ रिच या पक्षाच्या ज्या मृत तरुण कर्मचाऱ्याच्या माथी हा आरोप मारला गेला, त्याच्या आईवडिलांनी जे सोसले ते आठवले की हा मुद्दा चर्चेपुरता म्हणून मला बाजूला ठेवता येत नाही.

“लाखभर डॉलरच्या जाहिरातींनी काय होते?”

सुमारे १,००,००० डॉलरच्या, तीन हजारांवर जाहिराती, हा फेसबुकने स्वतः दिलेला आकडा बरोबर आहे. पण सेंट पीटर्सबर्गच्या इंटरनेट रिसर्च एजन्सीचे काम प्रामुख्याने जाहिरातींचे नव्हतेच. खोट्या अमेरिकी नावांनी पाने चालवायची, माणसे जमवायची, एकमेकांवर सोडायची. सुमारे ८०,००० फुकटच्या पोस्ट १२ कोटी ६० लाखांपर्यंत लोकांच्या नजरेखालून गेल्या असाव्यात, असा फेसबुकचाच अंदाज होता. २१ मे २०१६ रोजी ह्यूस्टनमध्ये एका इस्लामी केंद्रासमोर रस्त्याच्या दोन बाजूंना दोन गट घोषणा देत उभे होते. एका बाजूला ‘टेक्सासच्या इस्लामीकरणा’विरुद्ध बोलावलेले लोक, दुसऱ्या बाजूला इस्लामी ज्ञान वाचवायला बोलावलेले. दोन्ही निमंत्रणे त्याच रशियन कार्यालयातून गेली होती. उभी होती ती माणसे मात्र खरी होती, त्यांचा संताप खरा होता.

दुसऱ्या बाजूची अतिशयोक्तीही इथेच नोंदवतो. जानेवारी २०२३ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आलेल्या अभ्यासात दिसले की ट्विटरवरच्या या रशियन मजकुराचा ७० टक्के मारा फक्त १ टक्का वापरकर्त्यांपर्यंत गेला, आणि त्याचा लोकांच्या मतांशी संबंध आढळला नाही. ‘रशियन ट्रोलांनी ट्रम्पना निवडून आणले’ असे म्हणणाऱ्यांनी हा अभ्यास वाचावा. मात्र तो ट्विटरपुरता आहे. चोरलेल्या ईमेलांवर महिनोन्महिने चाललेल्या बातम्यांचा त्यात हिशेब नाही.

“सगळे स्टील टिपणावर उभे होते.”

ख्रिस्तोफर स्टील यांचे टिपण कच्चे आणि अविश्वसनीय होते. ट्रम्प यांच्या प्रचाराचे माजी सल्लागार कार्टर पेज यांच्यावर पाळत ठेवण्यासाठी एफबीआयने न्यायालयाकडे केलेल्या अर्जांत १७ गंभीर चुका आणि वगळण्या होत्या, हे न्याय खात्याच्या महानिरीक्षकांनी डिसेंबर २०१९ मध्ये दाखवून दिले. एफबीआयच्या एका वकिलाने ईमेलमध्ये फेरफार केल्याचा गुन्हा कबूल केला. जॉन दरहॅम यांचा मे २०२३ चा अहवालही एफबीआयवर कडक आहे. एका नागरिकावर अशी पाळत ठेवणे चूक होते आणि त्याबद्दल संताप यायलाच हवा.

पण ३१ जुलै २०१६ रोजी एफबीआयची मूळ चौकशी सुरू झाली ती या टिपणामुळे नव्हे. प्रचाराचे सल्लागार जॉर्ज पापाडोपोलस एका ऑस्ट्रेलियन मुत्सद्द्याशी जे बोलले होते, त्याची माहिती मिळाल्यावर ती सुरू झाली. दरहॅम यांचा विषय ‘एफबीआय कशी वागली’ हा होता. जीआरयूने काय केले याचा म्युलर यांचा निष्कर्ष त्यांनी खोडलेला नाही.

“एकही मत बदलले गेले नाही.”

यंत्रांतली वा मोजणीतली मते बदलल्याचा पुरावा नाही, हे सिनेट समितीनेच सांगितले. इलिनॉयच्या मतदार नोंदणीत रशियनांनी शिरकाव केला, माहिती पाहिली, पण फेरफार आढळला नाही. निकाल ठरवणाऱ्या मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया या तीन राज्यांत मिळून ट्रम्प यांची आघाडी ७७,७४४ मतांची होती. त्यातली किती मते कशाने वळली हे मोजायचे साधन कुणाकडेच नाही, ना ‘निकाल फिरला’ म्हणणाऱ्यांकडे, ना ‘काडीचा फरक पडला नाही’ म्हणणाऱ्यांकडे. चोर घरात शिरला आणि तिजोरी फुटली नाही, म्हणून चोर आलाच नव्हता असे होत नाही.

“अमेरिका तरी काय वेगळे करते?”

करत आलीच आहे. १९४८ ची इटलीची निवडणूक, १९६४ ची चिलीची. राज्यशास्त्राचे अभ्यासक डोव्ह लेविन यांच्या मोजणीत १९४६ ते २००० या काळात अमेरिकेचे असे ८१ हस्तक्षेप आणि सोव्हिएत संघ-रशियाचे ३६ भरतात. पण हा मुद्दा मांडणारा माणूस ‘रशियाने काहीच केले नाही’ असे एकाच वेळी म्हणू शकत नाही. ‘तुम्हीही करता’ या बोलण्यात ‘आम्ही केले’ हे गृहीतच आहे.

“रशियाने तर नाकारले आहे.”

सरकारने, हो. तरी जून २०१७ मध्ये पुतिन म्हणाले होते की देशभक्त रशियन हॅकरांनी आपणहून काही केले असू शकेल. इंटरनेट रिसर्च एजन्सीला पैसा पुरवल्याचा आरोप पुतिन यांच्या जवळचे उद्योगपती येव्गेनी प्रिगोझिन वर्षानुवर्षे झिडकारत राहिले. मग ७ नोव्हेंबर २०२२ रोजी, अमेरिकेतल्या मध्यावधी निवडणुकीच्या आदल्या दिवशी, त्यांनी जाहीर केले की आम्ही हस्तक्षेप केला आहे, करत आहोत आणि करत राहू. फेब्रुवारी २०२३ मध्ये ते आणखी पुढे गेले: मी त्या संस्थेला नुसता पैसा पुरवणारा कधीच नव्हतो, तिची कल्पना माझी, ती उभी मी केली आणि बराच काळ चालवलीही मीच.