भाग जात नाही

लांबलचक संख्या दिसली की तिचे अवयव पाडल्याशिवाय मला चैन पडत नाही. पुढच्या गाडीचा नंबर असो, बिलाचा क्रमांक असो. ओटीपीची तर मुदतच संपून जाते, माझं आपलं 9 ने भागणं चालूच.

सम संख्या आणि शेवटी 5 असलेल्या संख्या बिचाऱ्या गरीब. बघताक्षणी शरण येतात. 3 आणि 9 ला अंकांची बेरीज पुरते. खरा छळ 7 चा. शेवटच्या अंकाची दुप्पट करा, उरलेल्या संख्येतून वजा करा, मग पुन्हा तेच, मग पुन्हा. एवढ्या वेळात सरळ भागाकार झाला असता; पण मग कसोटीची शान ती काय राहिली?

एका रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या 4294967297 डोक्यात शिरली. म्हणजे 2 चा 32वा घात, अधिक 1. अंकांची बेरीज 59, तेव्हा 3 बाद. 7, 11 आणि 13 यांचा गुणाकार 1001, त्यामुळे तिघांना एकदम निकालात काढता येतं. उजवीकडून तीन-तीन अंक तोडायचे आणि आलटून-पालटून वजा-अधिक करायचं: 297 वजा 967, अधिक 294, वजा 4. आले उणे 380. तिघांनीही माना हलवल्या. 17 नाही, 19 नाही...

"कोणाशी बोलताय?" बायकोने कूस बदलली.

"तेविसाशी."

"झोपू द्या त्यालाही."

पण या संख्येने भल्याभल्यांना चकवलंय. 2 ला 2 च्याच एखाद्या घाताइतका घात द्यायचा आणि 1 मिळवायचा, की मूळ संख्या मिळते, असा फ्रेंच गणिती फर्माचा 1640 च्या सुमारास पक्का समज होता. 3, 5, 17, 257, 65537 या पाच जणींनी त्याचा शब्द राखला. सहावी ही. 1732 मध्ये स्विस गणिती ऑयलरने तिचे तुकडे पाडले: 641 गुणिले 6700417.

641 च्या आधी 115 मूळ संख्या आहेत हो! ऑयलरनेच नंतर सिद्ध केलेला एक नियम मात्र फार दयाळू आहे: हिचा कोणताही अवयव 64 च्या पटीहून 1 ने जास्तच असतो. मग तपासायला मूळ संख्या उरतात 193, 257, 449, 577 आणि लगेच 641. एवढ्यावर शहाणा माणूस झोपला असता. पण ते 6700417 मूळ आहे का, हे कोण बघणार? पुन्हा 641 ने भागलं. बाकी 44. पुढचा उमेदवार 769.

"अहो, सापडलं का एकदाचं?"

"अर्धं सापडलं. उरलेल्या अर्ध्यासाठी फक्त त्याच्या वर्गमुळापर्यंत, म्हणजे 2588 पर्यंत जायचंय."

"मग बाहेरच्या खोलीतून जा," असं म्हणून तिने माझी उशी माझ्या हातात दिली.