हेल्मेट घातलं होतं का, हे विचारायच्या आधी

सायकलवाला पडला की पहिला प्रश्न ठरलेला: "हेल्मेट घातलं होतं का?" चेंबरचं झाकण कुणी उघडं टाकलं, टेम्पो उलट्या बाजूनं का घुसला, ट्रॉलीला मागे दिवा का नव्हता, हे कुणी विचारत नाही. जणू हेल्मेट म्हणजे कर्णाची कवचकुंडलं! अहो, सायकलच्या हेल्मेटची जी युरोपियन चाचणी आहे, ईएन 1078, तिच्यात हेल्मेट सपाट पृष्ठभागावर आपटवतात ते ताशी साधारण 20 किलोमीटर वेगानं. तोल जाऊन डोकं रस्त्यावर आदळलं तर ते वाचवतं, म्हणून ते घालायचंच, त्यात वाद नाही. पण साठच्या वेगानं मागून येणाऱ्या पिकअपसमोर त्या थर्माकोलकडून काय अपेक्षा ठेवताय? हेल्मेटचं विचारलं की बाकी सगळे सुटले, एवढाच त्या प्रश्नाचा उपयोग.

आणि हेच लोक माउंटन बाइकची रेस मोबाइलवर बघून म्हणतात, "काय जिवावर उदार पोरं आहेत ही!" त्यांना माहीत नसतं की त्या दगडधोंड्यांच्या ट्रॅकवर जेवढी काळजी घेतली जाते, तिच्या एक दशांश आपल्या नाशिकच्या रस्त्यावर घेतली जात नाही. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेचे क्रॉस कंट्रीचे, म्हणजे अशा डोंगरवाटांच्या शर्यतीचे, नियम वाचा. पुढे धोका असेल तर खाली तोंड केलेला एक बाण. जास्त धोका असेल तर दोन. भयंकर उतार किंवा अडथळा असेल तर तीन. चुकीच्या वाटेवर फुलीची पाटी. वर आलेली मुळं, खुंट, टोकदार दगड रंगवून ठेवायचे, तेही मातीत विरघळून जाईल अशा रंगानं. धोक्याच्या जागी मार्शल उभा, हातात पिवळा झेंडा, गळ्यात शिट्टी. कुणी पडला की झेंडा वर, मागून येणाऱ्याला आधीच कळतं. आणि रेसच्या आधी प्रत्येक स्पर्धकाला तो ट्रॅक चालवून बघायला मिळतो.

नाशिकमध्ये चेंबर उघडं असेल तर काय करतात? झाडाची एक फांदी खोचतात. बस्स. तीही दुकानदाराला दया आली तर. पहिल्या दिवशी फांदी हिरवी असते, जरा तरी दिसते. चौथ्या दिवशी वाळून काडी होते. रात्री समोरच्या गाडीचा पांढरा एलईडी डोळ्यात, त्यात ती काडी सायकलवाल्याला दिसणार कशी? तीन बाण राहू द्या हो, एक लाल चिंधी तरी बांधा.

खोदकामाचं तर विचारूच नका. 2027च्या सिंहस्थाच्या नावानं निम्मं शहर उकरलंय. कुंभ व्हावा, रस्ते व्हावेत, पाइप पडावेत, कुणाची ना नाही. पण चर बुजवण्याची एक रीत असते. पंधरा-वीस सेंटीमीटरचा थर टाकायचा, पाणी मारायचं, चोपायचा, मग पुढचा थर. इथे सगळी माती एका दमात आत लोटतात, वर खडी भुरभुरवतात आणि ठेकेदाराचा ट्रॅक्टर पुढच्या गल्लीत. पहिला पाऊस झाला की तो चर बसतो आणि रस्त्याच्या लांबीनं एक पायरी तयार होते. लांबीनं म्हणतोय, हे लक्षात घ्या. आडव्या खड्ड्यानं हादरा बसतो, लांबीची पायरी सायकल पाडते. पुढचं चाक तिला तिरकं घासलं की रबर कडेला धरून राहतं, हँडल वळत नाही आणि माणूस बाजूला फेकला जातो. काँक्रीटचा रस्ता आणि कडेचे पेव्हर ब्लॉक यांच्यात दोन-तीन सेंटीमीटरचा फरक असला तरी तेवढा पुरतो. त्यावर उपाय तोच जो डोंगरात ओल्या मुळावर करतात. वेग कमी करायचा, शक्य तितकं काटकोनात यायचं, सीटवरून किंचित उठायचं, दोन्ही पेडल जमिनीला समांतर ठेवायची आणि चाक त्या कडेवर असताना ब्रेकला हात लावायचा नाही. पण मागून बस हॉर्न कोकलत असताना काटकोनात वळायला जागा कोण देणार? तिथेच सगळं अडतं.

गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या जुन्या मानकात, आयआरसी 99 मध्ये, गोल पाठीच्या गतिरोधकाचं माप दिलंय: रुंदी 3.7 मीटर, उंची 10 सेंटीमीटर, त्रिज्या 17 मीटर. ताशी 25 किलोमीटरनं गाडी विनात्रास जावी म्हणून. आपल्या कॉलनीतला गतिरोधक म्हणजे रात्रीतून ओतलेला उरलेल्या डांबराचा वरवंटा. हातभर रुंद, वितभर उंच, ना पट्टे ना पाटी. त्याहून वाईट त्या काळ्यापिवळ्या रबरी पट्ट्या. सहा महिन्यांत मधले दोन तुकडे उडतात आणि खालचे बोल्ट तसेच रस्त्यातून डोकं वर काढून उभे. सगळे दुचाकीवाले नेमके त्याच फटीतून जातात, कारण तिथे उंचवटा नाही. सायकलवालाही जातो आणि टायर फाडून घेतो. बोल्ट काढायला पाना आणि पाच मिनिटं लागतात, पण पट्टी लावण्याचं बिल निघतं, काढण्याचं निघत नसावं.

पावसाळी गटारांच्या जाळ्या पण बघा. पट्ट्या रस्त्याच्या दिशेनं उभ्या बसवलेल्या, मधली फट बोटभर-दोन बोटं. माउंटन बाइकचं सव्वादोन इंची टायर वाचतं, शाळेच्या पोराच्या साध्या सायकलचं सरळ आत. जाळी फिरवून आडवी बसवायला जास्तीचा एक रुपया लागत नाही.

आणि हो, सायकल ट्रॅक! त्र्यंबक नाका ते अशोक स्तंभ या स्मार्ट रोडच्या चित्रांत तो किती सुंदर दिसायचा. ट्रॅक म्हणजे फुकटचं पार्किंग, असा आपल्याकडे अर्थ लागतो. पुढे बोलायला काही नाही.

आता चालकांकडे वळू. गंगापूर रोडवर सकाळी रिक्षावाल्याला डाव्या हाताला प्रवासी दिसला की तो सायकलला ओलांडतो आणि पुढच्याच क्षणी तिच्यासमोर आडवा थांबतो. पाच सेकंद मागे राहिला असता तर प्रवासी पळून गेला नसता, दादा. कॉलेज रोडवर चारचाकी लावून आरशात न बघता दार उघडणारे साहेब वेगळेच. दार उघडलं की जवळजवळ मीटरभर रस्ता व्यापतं. म्हणून लावलेल्या गाड्यांपासून किमान सव्वा मीटर दूर चालवा, भले मागचा शिव्या घालो. कडेला चिकटून चालणारा सायकलवाला सुरक्षित वाटतो, पण दार, गटार, वाळू, काचा सगळं त्याच्याच वाट्याला येतं, आणि मागच्या गाडीला वाटतं की जागा आहे, घुसू. जिथे दोघांना मावण्याएवढी जागा नाही तिथे लेनच्या मधोमध यायचं, वळून मागच्याकडे बघायचं, हात दाखवायचा. हा माज नाही. मागच्याला आपण दिसावं, एवढंच त्यात आहे.

अंबड-सातपूर भागात कंटेनरच्या डाव्या अंगाला, केबिनच्या जरा मागे, चालकाला दिसत नाही अशी मोठी जागा असते. सिग्नलला तिथे घुसून पुढे जायची हौस अजिबात नको. तो डावीकडे वळला की मागची चाकं पुढच्यापेक्षा आतून येतात. मागे थांबा, नाहीतर इतकं पुढे जा की चालकाचे डोळे दिसतील. उड्डाणपुलाखालच्या सर्व्हिस रोडवर उलट्या बाजूनं येणाऱ्यांना काय सांगायचं! तुमचे पन्नास आणि सायकलचे वीस मिळून सत्तरची टक्कर होते, आणि वाचलेलं अंतर असतं दोनशे मीटर.

रामशेज किल्ल्याकडे ट्रेलला, म्हणजे सायकलच्या डोंगरवाटेला, जायचं तर पहाटे पंचवटीतून पेठ नाका ओलांडावा लागतो. त्याच वेळी दिंडोरी रोडच्या मार्केट यार्डाकडे कांद्या-भाजीच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या निघालेल्या. मागे ना दिवा, ना रेडियम, वर ताडपत्री, चिखलानं माखलेली फळी. ट्रॉलीच्या दोन कोपऱ्यांवर लाल परावर्तक पट्ट्या चिकटवायला किती खर्च येतो? डिझेलच्या एका फेरीपेक्षा कमी. ट्रेलवरच्या उतारापेक्षा ट्रेलपर्यंतचा रस्ता जास्त जीवघेणा आहे, आणि हे त्या शहरात जिथल्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 2015 मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' ही अमेरिका या टोकापासून त्या टोकापर्यंत सायकलनं ओलांडायची शर्यत दोघांच्या संघात पार केली. फ्लेक्स लावायला आपण पहिले.

दुकानदारांनाही सोडत नाही. गिअरची, दोन शॉकअपची, जाड टायरची सायकल पोराला गळ्यात मारतात आणि सांगतात, "ही खड्ड्यात काहीच होत नाही." नीट बघा, अशा कितीतरी सायकलींवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की ही खडबडीत वाटेसाठी नाही. मागचा शॉकअप म्हणजे नुसती स्प्रिंग, तेल नाही, दाबली की उसळी मारते. वजन अठरा-वीस किलो. त्यात दुकानातला पोरगा स्पोकवरचे आणि सीटखालचे रिफ्लेक्टर काढून कचऱ्यात टाकतो, का तर 'लूक' येतो! रात्री बाजूनं आणि मागून दिसायचं साधन गेलं.

क्विक रिलीजचं, म्हणजे चाक पान्याशिवाय काढता-घालता यावं म्हणून असलेल्या दांडीचं, तर पाप आहे. ती दांडी पंख्याच्या नटासारखी गोल गोल फिरवून घट्ट करतात. तसं नसतं रे बाबा! समोरचा नट हातानं पकडायचा, दांडी हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, रेषेत सरळ उभी असताना ती जड लागायला लागली पाहिजे, आणि तिथून पुढे तळहाताचा जोर लावून ती झाकायची. तळहातावर वळ उठला तर बरोबर. फिरवून लावलेलं चाक गतिरोधकावर सैल होतं. कुठलाही मेकॅनिक सायकल हातात देईल तेव्हा पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवा. हेडसेटपाशी, म्हणजे हँडलच्या मानेपाशी, खटखट आली तर छर्रे सैल आहेत, परत द्या. पुढचं चाक उचलून फिरवा, ब्रेकपाशी डुलत असेल तर रिंगचा आउट काढून घ्या. कुठल्या लिव्हरला कुठला ब्रेक जोडलाय हे दुकानाबाहेर पडायच्या आधी बघा, कारण दोन दुकानांत दोन रीती. डिस्क ब्रेकचे नवे पॅड टाकले की वीसेक वेळा वेगातून हळूहळू दाबत आणल्याशिवाय ते पकडत नाहीत. हे न सांगता सायकल हातात देणारे थोर. आणि चेनला स्प्रेनं तेल मारताना तेच तेल डिस्कवर उडवणारे त्याहून थोर. तेल प्यालेला पॅड किंचाळतो, पण थांबवत नाही. डिस्क स्पिरिटनं पुसता येते, पॅड बहुतेक वेळा फेकावाच लागतो.

हवा: पेट्रोल पंपावर जाड टायरमध्ये साठ पीएसआय ठासतात. टायरच्या कडेला छापलेलं असतं ते कमाल असतं, "एवढी भराच" असं नव्हे. सत्तर किलोच्या माणसाला दोन इंची टायरमध्ये शहरात 35 ते 40 पुरे. ट्रेलवर ट्यूब असेल तर 28-30, त्याखाली दगडावर ट्यूब रिंगेत चिमटून दोन भोकं पडतात. ट्यूबलेस असेल तर आणखी चार-पाच कमी चालतं. आणि पावसात झेब्रा पट्ट्यांच्या गुळगुळीत रंगावर कितीही जाड गुट्ट्यांचं टायर असलं तरी घसरतंच, तिथे सायकल झुकवू नका.

आता आपली मंडळी. हो, तुम्हीच, जर्सीवाले. पुढचा हजार ल्युमेनचा दिवा ब्लिंकवर टाकून समोरच्याच्या डोळ्यांत मारता, मग तो तुम्हाला ओलांडताना अंदाज चुकला की शिव्या. अंधारात लुकलुकणाऱ्या एकट्या दिव्यावरून अंतर कळत नाही. पुढचा स्थिर ठेवा, तीनशे-चारशे ल्युमेन पुष्कळ झाले, झोत सात-आठ मीटरवर रस्त्यावर पडेल इतका खाली वाकवा. मागचा लाल दिवा सीटखाली लावता आणि वर बॅग लोंबकळते, नाहीतर जॅकेटची शेपटी. एकदा सायकल भिंतीला लावून दहा पावलं मागे जाऊन बघा, दिवा दिसतो का. घोट्याला रेडियमची पट्टी बांधा, पाय वरखाली होताना चालकाला लांबून माणूस ओळखू येतो. कानात दोन्ही इअरफोन घालून त्र्यंबक रोडला निघणाऱ्यांबद्दल न लिहिलेलंच बरं.

आणि ट्रेलला सायकल गाडीवर लादून नेता तेव्हा मागच्या रॅकमुळे गाडीची नंबर प्लेट आणि दोन्ही टेललाइट झाकले जातात, ते कोण बघणार? ट्रॉलीवाल्यानं रेडियम लावलं नाही म्हणून बोंबलायचं आणि आपली गाडी अंधारात तशीच, ब्रेक दाबलेला मागच्याला कळत नाही. मोकळं चाक वाऱ्याच्या झोतात फिरत असतं ते वेगळं. पट्टे आवळा, चाकं बांधा, आणि रॅकवर वेगळा लाइट बोर्ड लावा.