'होत आलंय' म्हणू नका, किती झालंय ते सांगा

आज दुपारी पीएचडी करणाऱ्या एका ओळखीच्या मुलीचा मेसेज आला. ताई, उद्या गाईडबरोबर मीटिंग आहे, चार महिन्यांत एक ओळ लिहिली नाहीये, तब्येत बरी नाही असं कळवू का? मी तिला लगेच नको म्हटलं, पण का नको ते मेसेजमध्ये मावेना, म्हणून इथे लिहितेय. ह्या विषयावर मला मनापासून बोलायचंय, कारण मी स्वतः चौदा महिने माझ्या गाईडशी खोटं बोललेय.

सुरुवात अगदी साधी झाली. पाचवं वर्ष चालू होतं, मॅडम जिन्यात भेटल्या, विचारलं "विश्लेषणाचा चॅप्टर कुठवर आला?" आणि मी म्हटलं "होत आलाय मॅडम". तेव्हा मला खरंच वाटत होतं की आठ-दहा दिवस बसले की होईल. ते आठ दिवस कधी आलेच नाहीत. पुढच्या महिन्यात परत तोच प्रश्न, मग मी "थोडं फिनिशिंग राहिलंय" म्हटलं, आणि खरी अडचण इथून सुरू झाली. कारण होत आलाय म्हटल्यावर आता कच्चं काही दाखवायची सोयच राहिली नाही. जानेवारीत सात पानं घेऊन गेले असते तर ती सात पानं म्हणजे सुरुवात होती, ठीक होतं. तीच सात पानं एप्रिलमध्ये न्यायची म्हणजे आपण खोटं बोललो त्याचा पुरावा घेऊन जायचं. म्हणजे खोटं बोलल्यामुळे काम नुसतं लपत नाही, आणखी अवघड होऊन बसतं, दर महिन्याला जे दाखवायचं ते आधीपेक्षा चांगलं असायला हवं आणि आपण मात्र आहोत तिथेच. मी मॅडमचे मेल उघडायचं टाळायला लागले, त्यांची केबिन वाटेत येऊ नये म्हणून लांबच्या जिन्याने जायला लागले. लायब्ररीत दिवसदिवस बसायचे, फाईल उघडायची, कोडिंगच्या, म्हणजे मुलाखतींतल्या मजकुराला विषयवार द्यायच्या खुणांच्या, रंगांची नावं बदलायची आणि बंद करायची.

लोकांना वाटतं हा आळस आहे. मला नाही वाटत. वेळेचा अंदाज चुकणं तर जवळजवळ सगळ्यांचंच होतं. १९९४ साली ब्युलर, ग्रिफिन आणि रॉस ह्या मानसशास्त्रज्ञांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं की तुमचा प्रबंध किती दिवसांत होईल, सरासरी उत्तर आलं ३३.९ दिवस. सगळं अगदी वाईटात वाईट गेलं तर? ४८.६ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५.५. म्हणजे वाईटातला वाईट अंदाजही कमी पडला, आणि ही मुलं काही कामचुकार नव्हती. तेव्हा "होत आलाय" हे मी पहिल्यांदा म्हटलं ती चूक होती, खोटं नव्हतं. खोटं दुसऱ्या महिन्यापासून सुरू झालं, जेव्हा मला माहीत होतं की होत नाहीये आणि तरी मी तेच म्हटलं. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण चूक दुसऱ्या महिन्यात पाच मिनिटांत सांगून मोकळं होता येतं.

आणि आपण एकट्याच असे आहोत हे तर अजिबात खरं नाही. २०१८ मध्ये नेचर बायोटेक्नॉलॉजीमध्ये एक सर्व्हे आला होता, २६ देशांतले २२७९ विद्यार्थी, बहुतेक पीएचडीचे, त्यातल्या ४१ टक्क्यांमध्ये अँग्झायटीची आणि ३९ टक्क्यांमध्ये डिप्रेशनची मध्यम ते तीव्र लक्षणं दिसली. ज्यांना वाटलं त्यांनी स्वतःहून फॉर्म भरला होता, त्यामुळे आकडे जरा जपूनच घ्यायचे, तरी एवढी माणसं आतून अशी असताना प्रत्येक जण "मस्त चाललंय" म्हणत फिरत असतो ह्याचं मला वाईट वाटतं.

शेवटी मी मेल केला. समोर बसून बोलायला जमलं नसतं. लिहिलं की मॅडम, गेले चौदा महिने मी तुम्हाला चॅप्टर होत आलाय असं सांगत होते, ते खरं नव्हतं. ४२ मुलाखतींपैकी २६ उतरवून झाल्यात, कोडिंग ९ चं झालंय, चॅप्टरची ११ पानं आहेत आणि ती कच्ची आहेत, सोबत जोडतेय. मला भेटायचंय. कारणं लिहिली नाहीत. आधीच्या तीन ड्राफ्टमध्ये फक्त कारणंच होती आणि आकडे नव्हते, ते पुसून टाकले.

भेटायला गेले तेव्हा त्या ओरडल्या नाहीत, बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "तुझ्या दोन प्रोग्रेस रिपोर्टवर माझी सही आहे." ते माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मला वाटत होतं माझं खोटं माझ्यापुरतं आहे, नुकसान झालंच तर माझं होईल, पण त्यांनी माझ्या शब्दावर वर लिहून दिलं होतं की काम वेळेवर चाललंय. मी त्यांनाही खोटं बोलायला लावलं होतं, त्यांना न विचारता. हे मला आजही टोचतं.

नंतर त्यांनी पानं वाचली आणि विचारलं, "शेवटच्या पाच-सहा मुलाखतींत नवीन काही आलं का?" मी म्हटलं नाही, तेच तेच येतंय. "मग उरलेल्या १६ कशाला उतरवतेस? २६ वर थांब, का थांबलीस ते नीट लिही." चौदा महिने मी ज्या डोंगराखाली बसले होते त्याचा अर्धा भाग करायचाच नव्हता, आणि हे त्या मला पहिल्याच महिन्यात सांगू शकल्या असत्या. फक्त त्यांना अडचण माहीत हवी होती.

सगळं गोड झालं असं नाही. एका फेलोशिपसाठी त्यांच्याकडे पत्र मागितलं तर त्या वर्षी त्यांनी दिलं नाही, आणि ते बरोबरच होतं. दर शुक्रवारी जे असेल ते पाठवायचं असं ठरलं, अर्धं वाक्य असलं तरी. सबमिशनला पुढे दीड वर्ष लागलं.

सगळे गाईड असे नसतात हे मला माहितीये. काही जण तुमचा कबुलीजबाब तुमच्याच विरुद्ध वापरतात. असा अनुभव असेल तर आधी को-गाईडशी किंवा कमिटीतल्या एखाद्या समजूतदार माणसाशी बोला, आणि जे बोलाल ते मेलवर ठेवा. पण सांगायचं टाळू नका. आणि कुणाला पीएचडी सोडायचीच असेल तर तेही असंच स्पष्ट सांगावं, त्यात कमीपणा नाही. गाईड मंडळी वाचत असतील तर त्यांना एक विनंती, "कसं चाललंय" विचारू नका, त्याला "छान" हेच उत्तर येणार. "जे आहे ते दाखव, कच्चं चालेल" असं म्हणा आणि कच्चं आलं की खरंच चालवून घ्या.

त्या मुलीला मी शेवटी एवढंच लिहिलं की आत्ता फाईल उघड, शब्द मोज आणि उद्या गेल्या गेल्या तो आकडा सांग. थोड्या वेळापूर्वी तिचं उत्तर आलं, मोजले, ३४०० निघाले, पण त्यातले बरेचसे गेल्या वर्षीचे आहेत, तेही सांगते.